मिठीकाठचं तळमजल्याचं घर: निघायचं कधी आणि सॅकमध्ये काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुर्ल्यात मिठी नदीजवळ बैठ्या चाळीत तळमजल्याची खोली. घरात नवरा-बायको, बहात्तर वर्षांच्या सासूबाई (गुडघे दुखतात, इन्सुलिन चालू) आणि नऊ व चार वर्षांची दोन मुलं. पावसाळ्यात अचानक निघावं लागलं तर सोबत काय असावं, आणि घर नेमकं कधी सोडावं?

दुसरा भाग आधी घेऊ. सॅक कितीही चांगली भरली तरी कमरेएवढ्या पाण्यातून सासूबाईंना बाहेर काढणं तिने सोपं होत नाही. निघण्याची वेळ मात्र आधी ठरवता येते, आणि ती कोरड्या दिवशीच ठरवायची. पाणी चढत असताना घरात जी चर्चा होते तिचा शेवट बहुतेक वेळा 'अजून अर्धा तास बघू' असाच होतो, आणि त्या अर्ध्या तासात वाट बंद होते.

पहिलं काम उंची मोजण्याचं. बहुतेक चाळींत खोलीचा उंबरठा गल्लीपेक्षा एक-दोन फूट वर असतो आणि गल्लीतून मुख्य रस्त्याकडे जाताना कुठेतरी खोलगट जागा लागते. त्यामुळे पाणी उंबरठ्याला लागेपर्यंत त्या खोलगट जागी मांडीच्या वर पाणी झालेलं असतं. घरात पाणी आलं की निघू, हा हिशेब इथेच चुकतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, तिच्यात पाणी भरा (आत बुडबुडे राहू देऊ नका), एक टोक उंबरठ्याला धरा आणि दुसरं त्या खोल जागी. फरक किती इंच ते लगेच कळतं. लांबचं अंतर दोन-तीन टप्प्यांत मोजा. ओळखीच्या गवंड्याचं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

मग त्या खोल जागेजवळच्या खांबावर किंवा भिंतीवर ऑइल पेंटने दोन रेघा मारा. पिवळी रेघ घोट्याएवढ्या पाण्याची, म्हणजे जमिनीपासून साधारण चार इंच. लाल रेघ बारा इंचांवर, म्हणजे गुडघ्याच्या खाली. पाणी पिवळ्या रेघेला लागलं की घरातले सगळे निघतात, चर्चा नाही. लाल रेघ बुडाली की त्या वाटेने जायचं नाही, वर जायचं. वाहतं पाणी सहा इंच असलं तरी मोठ्या माणसाचा पाय उचलू शकतं. मूल कडेवर आणि म्हातारं माणूस हाताशी असेल तर त्याहूनही कमी पुरतं. उंबरठ्यापासून रेघ दिसत नसेल तर दाराबाहेरच्या पायरीवर त्याच पातळीची खूण करा; नळीने मोजलेला फरक इथे उपयोगी पडतो. ती पातळी पायरीच्याही खाली येत असेल तर रेघ दिसणाऱ्या शेजाऱ्याशी फोन करण्याचं ठरवून ठेवा.

पाणी किती आहे याइतकंच ते किती वेगाने चढतंय हेही बघायचं. भिंतीवर खडूने खूण करून पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. चार बोटं वाढलं असेल तर पिवळ्या रेघेचीही वाट बघू नका.

आता भरती. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिमी पावसासाठी बांधल्या होत्या, तेही समुद्राला ओहोटी असताना. नंतर ही क्षमता ताशी ५० मिमी करण्याचं काम हाती घेतलं गेलं. भरती मोठी असली की वाहिन्यांची तोंडं समुद्राच्या पाण्याखाली जातात, आतलं पाणी उतरत नाही आणि पंपांवर भार येतो. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते. ती छापून दाराच्या आतल्या बाजूला लावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत मोठी भरती साधारण भर दुपारी आणि मध्यरात्रीनंतर येते, रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. भरतीच्या वेळेच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास धोक्याचे समजा. म्हणजे दुपारी एकची भरती असेल तर तुमचा निर्णय सकाळी दहाला व्हायला हवा.

पावसाचा आकडा स्वतःच्या भागाचाच बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा कुलाब्यात ७३ मिमीच्या आसपासच होता. मोबाइलवरचा 'मुंबईचा पाऊस' त्यामुळे फारसा कामाचा नाही. महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संकेतस्थळावर ठिकठिकाणच्या पर्जन्यमापकांचे आकडे येतात. एल विभागाचे (कुर्ला ज्यात येतो तो पालिकेचा विभाग) बघा. नेट बंद पडलं तर सरळ भिंतीचा स्टीलचा डबा पत्र्याच्या वळचणीपासून लांब, उघड्यावर ठेवा आणि तासाभराने आत पट्टी उभी करा. पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे ५० मिमी. बादली चालत नाही, तिचं तोंड रुंद आणि तळ अरुंद असतो. तासाला ५० मिमी पाऊस आणि पुढच्या तीन तासांत मोठी भरती, असं जुळून आलं की तुमच्या घरासाठी तोच निघण्याचा इशारा आहे, बाहेर पाणी दिसो वा न दिसो.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे रंग लोक फार वेगवेगळ्या अर्थाने घेतात. ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे कृती करा. २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिमी म्हणजे अतिमुसळधार. त्याच्या वर अतिवृष्टीची सर्वांत तीव्र पायरी. तुमच्या घरी मात्र दोन नियम ठेवा. ऑरेंज आणि साडेचार मीटरची भरती एकाच दिवशी असेल, तर सासूबाई आणि मुलं सकाळीच, कोरड्या रस्त्याने, वरच्या मजल्यावरच्या नातेवाइकांकडे जातील. रेड असेल तर भरतीचा विचारच नको, सगळ्यांनी निघायचं. पाऊस झाला नाही तर एक दिवस पाहुणचार झाला एवढंच. 'उगाच गेलो' असा सूर घरात लागू देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी कोणी हलणार नाही. सासूबाईंना चालायला जास्त वेळ लागतो म्हणून त्यांची वेळ बाकीच्यांच्या आधीची. ज्यांच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र आहे किंवा गरोदर बाईचे दिवस भरत आलेत, त्यांनी ऑरेंजलाच रुग्णालयाच्या जवळ जावं, कारण पाणी भरलं की वीज आधी बंद होते.

आणखी एक नियम अंधाराचा. संध्याकाळी सहा-सातला परिस्थिती 'होय-नाही'च्या मध्ये असेल तर निघा. रात्री दोनला रेघ दिसत नाही, झाकण उघडलेलं मॅनहोल दिसत नाही आणि मदतीला येणारेही वेळाने पोचतात.

घरातला पहिला इशारा मोरीत मिळतो. मोरीच्या किंवा संडासाच्या ट्रॅपमधून (पाणी जायच्या तोंडातून) बुडबुड आवाज आला किंवा पाणी उतरायचं थांबलं, की बाहेरची वाहिनी भरली असं समजा. जाड प्लॅस्टिक पिशवीत ओला कपडा किंवा वाळू भरून ट्रॅपवर दाबून ठेवा, म्हणजे मैला आत यायला वेळ लागतो. हा फक्त वेळ मिळवण्याचा उपाय आहे.

पालिकेचा किंवा पोलिसांचा भोंगा फिरला की बाकी सगळे नियम रद्द, निघायचं. १९ ऑगस्ट २०२५ ला मिठीची पातळी ३.९ मीटरवर गेली तेव्हा कुर्ल्याच्या क्रांती नगरमधल्या रहिवाशांना असंच हलवावं लागलं. तुमच्या वस्तीसाठी निवारा म्हणून कोणती पालिका शाळा ठरलेली आहे ते एल विभाग कार्यालयात मे महिन्यातच विचारून घ्या, आणि एकदा सासूबाईंना घेऊन तिथपर्यंत चालत जा. लागणारा वेळ घड्याळात बघा आणि पावसासाठी तो दुप्पट धरा.

आता लोक का निघत नाहीत ते. मुंबईत याचं खरं कारण बहुतेक वेळा कागद असतात, आणि ही भीती पोकळ नाही. झोपडपट्टी पुनर्वसनात पात्रता ठरते ती १ जानेवारी २००० च्या आधीच्या वास्तव्याच्या पुराव्यावर. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना सशुल्क घराची तरतूद आहे. जुनं वीजबिल, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), मतदार यादीतलं नाव, भाडेपावत्यांचं पुस्तक, यांपैकी एक कागद भिजला तर घरावरचा हक्क सिद्ध करायला वर्षं जातात. म्हणून पिशवीची सुरुवात खाण्यापासून करू नका, कागदांपासून करा.

घट्ट झाकणाचा चपटा प्लॅस्टिक डबा घ्या, त्यात झिपच्या पिशव्या. घराचे पुरावे एका पिशवीत. आधार, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र दुसरीत. मुलांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले, जातप्रमाणपत्र तिसरीत. पासबुक, विमा, गॅसचं पुस्तक चौथीत. प्रत्येकीत सिलिका जेलची पुडी. जुनी वीजबिलं आणि पावत्या पांढऱ्या उजेडात सरळ वरून फोटो काढून घ्या, कारण थर्मल कागदावरची छपाई तशीही उडत जाते. फोटो फोनमध्ये, पेन ड्राइव्हवर आणि दुसऱ्या भागात राहणाऱ्या नातेवाइकाकडे, असे तीन ठिकाणी ठेवा. आधारसारखे सरकारी कागद डिजिलॉकरमध्ये घेता येतात, पण घरमालकाची भाडेपावती तिथे आपोआप येत नाही. ती स्वतःच जपावी लागते. हा डबा पावसाळाभर सॅकमध्येच राहील. काही कामासाठी कागद काढला तर त्याच दिवशी परत ठेवायचा.

सॅक पाठीवरचीच हवी, हातात धरायची पिशवी नको. एका हातात काठी आणि दुसऱ्यात मूल असणार. मोठ्या माणसामागे एक, वजन सहा-सात किलोपर्यंत. सासूबाईंकडे ओझं नाही, फक्त गळ्यात पाउच: औषधांची चिठ्ठी, घरातले फोन नंबर, शंभर रुपये. सॅकच्या आत आधी कचऱ्याची मोठी जाड काळी पिशवी घाला, सामान तिच्यात भरा आणि तोंड पिळून दुमडून बांधा. बाहेरचं रेनकव्हर वरून पडणारा पाऊस अडवतं, पाण्यात उतरलं की उपयोगाचं नाही.

पाणी: मोठ्यांना एक-एक लिटर, मुलांना अर्धा-अर्धा, म्हणजे पाच जणांना चार लिटर. पहिला दिवस निभावण्यापुरतं हे आहे. पुढे माणशी दिवसाला तीन लिटर तरी लागतात, ते निवाऱ्यात मिळवायचं. सोबत क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी ठेवा आणि प्रमाण पाकिटावर लिहिलेलं तेच घ्या. गोळी टाकून अर्धा तास थांबल्याशिवाय पिऊ नका. गढूळ पाणी आधी सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळा, गाळ असला की क्लोरीन त्यातच खर्च होतं.

खाणं शिजवावं लागणार नाही आणि तहान वाढवणार नाही असं. भाजके चणे, राजगिऱ्याची चिक्की, खजूर, ग्लुकोज बिस्किटं, खाकरा. पाच जणांना दोन दिवसांसाठी सगळं मिळून दीड-दोन किलो पुरतं. खारा चिवडा, फरसाण आणि नूडल्स नकोत, एकाला प्यायचं पाणी जास्त लागतं आणि दुसऱ्याला शिजवायचं. सासूबाईंसाठी साखरेचे चार खडे किंवा ग्लुकोजची पुडी वेगळी, हाताला लगेच लागेल अशी. इन्सुलिन घेऊन जेवण लांबलं तर साखर अचानक उतरते, घाम आणि थरथर सुरू होते, तेव्हा शोधाशोध नको. ओआरएसची चार पाकिटं. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

औषधं सात दिवसांची. पट्टी कापताना नाव आणि मुदत असलेला भाग राहू द्या. सुट्या गोळ्या डबीत टाकल्या की निवाऱ्यातल्या डॉक्टरांना काहीच कळत नाही. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली किंवा पेन सावलीत, थंडसर जागी साधारण चार आठवडे चालतं, म्हणून फ्रीज बंद पडला म्हणून टाकून देऊ नका. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलं की ते निकामी होतं. ओल्या सुती कपड्यात गुंडाळलेल्या डबीत ठेवलं तर पुरेसं. सोबत सुया, ग्लुकोमीटर, त्याच्या पट्ट्या.

बाकीचं चटकन. दहा हजार एमएएचची पॉवर बँक (दर महिन्याच्या एक तारखेला पूर्ण चार्ज), केबल, वेगळ्या सेलची टॉर्च, सेल टॉर्चच्या बाहेर ठेवलेले, नाहीतर गळून टॉर्च खराब होते. छोटा रेडिओ. शिट्टी प्रत्येकाला एक. दहा मीटर नायलॉन दोरी. प्रत्येकाचा एक सुका कपड्यांचा जोड, चार वर्षांच्या मुलाचे दोन. सॅनिटरी पॅड, साबण, एक चादर, एक जाड प्लॅस्टिक अंथरायला. पन्नास-वीस-शंभरच्या नोटांत दोन हजार रुपये, कारण नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही आणि पाचशेचे सुटे कोणी देत नाही. महत्त्वाचे नंबर कागदावर: पालिकेचा आपत्ती कक्ष १९१६, पोलीस व इतर तातडी ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, गॅसगळती १९०६. मुलांच्या कपड्याच्या आतून सेफ्टी पिनने झिप पिशवी लावा, तिच्यात नाव आणि दोन फोन नंबर.

छत्री नको, रेनकोट. पायात चपला नकोत. पाण्यात पहिली वाहून जाते ती चप्पल, मग काच आणि पत्रा. जुने बंद बूट किंवा मागे पट्टा असलेले सँडल दाराजवळच ठेवा.

निघताना क्रम हा ठेवा. आधी गॅस: सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढा, टोपी लावा, सिलिंडर उभा बांधा, तो तरंगतो आणि आदळतो. मग मेन स्विच. मात्र पायाखाली पाणी असेल किंवा मीटरबोर्ड ओला असेल तर स्विचला हात लावायचा नाही, वीज कंपनीला कळवून बाहेरून बंद करायला सांगायचं. फ्रीज आणि धान्याचे डबे उचलण्यात वेळ घालवू नका. धान्य मे अखेरीस वरच्या फळीवर गेलेलं असावं. दाराला कुलूप, किल्ली गळ्यात, आणि शेजारी कोण मागे राहिलंय ते बघून घ्या.

पाण्यातून जावंच लागलं तर पुढच्याच्या हातात पाच फुटी काठी, पाऊल टाकण्याआधी काठी टेकवायची. बाकीचे त्याच्या मागे एका रांगेत, दोरी हातात धरून. दोरी कमरेला बांधू नका, एक घसरला तर बाकीचेही ओढले जातात. पाण्यात भोवरा किंवा एका जागी खळगा दिसला तर तिथे मॅनहोल उघडं आहे. विजेचे खांब, फिडर पेट्या आणि लोखंडी शटर यांना हात नाही. रिक्षा-गाडीने सबवेतून जायचा मोह नको. गाडीत पाणी चढलं की काचा आणि लॉक अडकतात, २००५ ला गाड्यांतच गुदमरून माणसं गेली.

लाल रेघ बुडाली असेल तर त्या खोल वाटेने बाहेर पडू नका, आणि पोटमाळ्यावरही चढू नका, जोवर तिथून पत्र्यावर निघायला वाट नाही. खिडक्यांना ग्रिल असलेल्या खोलीत पोटमाळा हा सापळा ठरतो. जवळच्या पक्क्या इमारतीतल्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराशी मे महिन्यातच बोलून ठेवा, अशा वेळी वर जायचं ते तिथेच. सिमेंट-काँक्रीटच्या भक्कम इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तर पुरात घर सोडायचंच नसतं. त्यांनी पाणी भरून ठेवावं, लिफ्ट बंद करावी आणि तळाशी असलेल्या मीटर खोलीची वीज पाणी पोचण्याआधी बंद करून घ्यावी.

डोंगरउतारावर किंवा संरक्षक भिंतीखाली राहणाऱ्यांना हे सगळं लागू नाही. त्यांना पाणी चढताना दिसत नाही, इशारा मिळेपर्यंत भिंत आलेली असते. २०१९ च्या जुलैमध्ये मालाडचा पिंपरीपाडा, १८ जुलै २०२१ ला चेंबूरचं भारत नगर आणि विक्रोळीचं सूर्यनगर, इथे भिंती-दरडी कोसळल्या त्या रात्रीच. भिंतीतली पाणी जायची छिद्रं बुजली असतील किंवा भर पावसात त्यांतून काहीच येत नसेल तर मागे दाब साठतोय. भिंतीला पोट आलं, जमिनीला नवी भेग पडली, खांब कलला, उतारावरून येणारं स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झालं, यांपैकी एकही गोष्ट पुरेशी आहे. नाहीतरी ऑरेंजच्या रात्री तिथे झोपायचं नाही.

जुन्या इमारतीचंही तसंच. पालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. कुर्ल्याच्याच नाईक नगरमध्ये जून २०२२ ला कोसळलेल्या इमारतीला आधी नोटीस दिली गेली होती. दारं अचानक घासायला लागली, गिलाव्याची बारीक माती सतत गळू लागली, तुळईत तडतड आवाज आला, की सॅकसुद्धा न घेता खाली उतरा. नोटिशीवरून घर रिकामं करताना आपलं नाव आणि जागेचं क्षेत्रफळ पालिकेकडून लेखी नोंदवून त्याची प्रत घ्या. भाडेकरूचा हक्क जागा रिकामी केल्याने जात नाही, पण नोंद नसली तर तो सिद्ध करणं कठीण होतं.

परत आल्यावर वीज लगेच सुरू करू नका. वायरमनने सॉकेट उघडून सुकवल्यावरच. साफसफाईच्या आधी प्रत्येक भिंतीवरची पाण्याची रेघ आणि खराब झालेलं सामान यांचे फोटो काढा आणि पंचनाम्यासाठी तहसील कार्यालयाकडे नोंद द्या. साफ केलेल्या खोलीचा पंचनामा करायला काही उरत नाही. जे पाण्यातून चालले त्या सगळ्यांनी, जखम असो वा नसो, २४ ते ७२ तासांत पालिकेच्या दवाखान्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-जनावरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक औषधाबद्दल विचारावं. गोळी मनाने घेऊ नका, मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी औषध वेगळं असतं. पुढच्या दोन आठवड्यांत कोणाला ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की आम्ही पुराच्या पाण्यातून चाललो होतो.